सा सुटू द्यायचा नाही: संगीत विषयाचं पहिलं वर्ष

संगीत घेऊन बी.ए.ला आलेल्या बऱ्याच मुलांचा गळा आधीच चालता असतो. भजनी मंडळ, गणपतीतले कार्यक्रम, शाळेतलं समूहगान, यातून सात-आठ वर्षं गाणं झालेलं असतं. मग पहिल्या पंधरवड्यात सर पेटीवर दोन पट्ट्या दाबतात आणि विचारतात, 'सांगा, कोणते स्वर?' वर्ग गप्प. गाणं येतं, पण ते कशाचं बनलंय हे सांगता येत नाही. पहिल्या वर्षाचा सगळा अभ्यास, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही, ही दरी भरण्यासाठी आहे. आम्ही नागपुरात हा अभ्यास केला आणि आता नव्या मुलांना सरावाला बसवतो. काय करावं लागतं आणि कुठे घसरायला होतं, ते इथे लिहितो आहोत.

सुरुवात पट्टीपासून, म्हणजे तुमचा सा पेटीवरच्या कोणत्या स्वरावर बसतो तिथून. काळी एक म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, पांढरी दोन म्हणजे दुसरी पांढरी. साधारण मुलांचा सा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास आणि मुलींचा काळी चार ते काळी पाच बसतो. पण साधारण म्हणजे तुमचा नव्हे. पट्टी ठरवताना खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार मध्यमापर्यंत न ओढता जाता आलं पाहिजे. वर्गात सगळ्यांसाठी एकच पट्टी लावलेली असते, तिथे कोणाला तरी ताणावं लागतंच. म्हणून घरचा रियाज स्वतःच्या पट्टीत करा आणि वर्षभर ती बदलू नका. दर आठवड्याला पट्टी बदलणाऱ्या मुलाचा कान कुठेच मुक्काम करत नाही.

मग तंबोरा. मोबाईलवरचा तंबोरा सोयीचा आहे, रोजच्या रियाजाला चालतो, पण त्याची एक अडचण समजून घ्या. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार सेकंदाला सुमारे ६९ आंदोलनांची (कंपनांची) असते. मोबाईलच्या इवल्या स्पीकरला इतका खालचा नाद जवळपास काढताच येत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या तारेचे वरचे उपस्वर. सा कळतो, पण त्याचा पाया पोकळ राहतो. हेडफोन किंवा जरा मोठा स्पीकर लावला की फरक लगेच कळेल.

खरा तंबोरा जुळवणं हा कान तयार करण्याचा सगळ्यात चांगला धडा आहे, आणि नेमका तोच धडा मुलं दुसऱ्यावर ढकलतात. चार तारांपैकी आधी मधली जोडी सा ला लावायची, मग खर्ज, आणि शेवटी पहिली तार पंचमाला. जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज लाटेसारखा कमी-जास्त होऊ लागतो. दोघींत एका आंदोलनाचा फरक असेल तर सेकंदाला एक लाट. खुंटी अगदी किंचित फिरवत गेलं की लाट लांबत जाते, दोन सेकंदांची, चार सेकंदांची, आणि मग नाहीशी होते. ती नाहीशी होईपर्यंत थांबायचं. खुंटी सटकत असेल तर काढून तिला थोडा खडू लावा. शेवटचा बारीक फरक घोडीखालच्या मण्यांनी काढायचा. मणी घोडीपासून दूर, लंगोटाकडे (तारा खाली अडकवलेल्या असतात तिकडे) सरकवला की सूर चढतो. छेडताना पंचमाची तार मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने, आणि तालाशी संबंध न ठेवता एकसारख्या गतीने. तालात छेडायची सवय लागली की कान ठेक्याकडे जातो, स्वराकडे राहत नाही. तारेखालच्या दोऱ्याची जागा जवारीवर (घोडीच्या वरच्या पृष्ठभागावर) केसभर हलली तरी गुंजन उमलतं किंवा मिटतं, तेही हाताने करून बघा.

आता नागपूरची खास अडचण. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि कूलरशिवाय बसवत नाही. विजेवर चालणाऱ्या यंत्रांची घूं साधारण १०० आंदोलनांची असते, कारण आपली वीज ५० आवर्तनांची आहे. ही घूं पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे पडते, काळी चारपेक्षा अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडी जास्त खाली. ज्या मुलींचा सा काळी चार आहे, त्या नकळत तिच्याकडे ओढल्या जातात. तास संपताना तंबोरा पुन्हा नीट ऐकला की सा उतरलेला सापडतो. यात गळ्याचा दोष नाही, कान शेजारच्या अखंड नादाला धरतो एवढंच. कान तयार करण्याची वीस मिनिटं कूलर बंद ठेवून करा, पहाटे करा. शिवाय गारव्यातून उन्हात, उन्हातून गारव्यात नेलेल्या तंबोऱ्याच्या तारा उतरतात-चढतात. तंबोरा कूलरच्या झोतात ठेवू नका, वापर नसेल तेव्हा गवसणी घालून ठेवा, आणि खोली बदलली की दहा मिनिटं थांबून मगच जुळवा.

लेखीच्या पुस्तकात 'नाद', 'आंदोलन', 'स्वर', 'सप्तक' अशा व्याख्या येतात. त्या पाठ होतात आणि पेपर संपल्यावर जातात. त्या टिकवायच्या तर जोडीला कान लावावा लागतो. पुस्तकात सा २४० आंदोलनांचा धरतात. त्यावर शुद्ध ग ३००, म ३२०, प ३६०, तार सा ४८०. म्हणजे सा आणि ग चं नातं ४ ला ५, सा आणि प चं २ ला ३. हे नातं तंबोऱ्यात ऐकू येतं. खर्ज नीट लागला, जवारी उघडी असली, की त्या तारेतून वर तार सप्तकात एक गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या दिवशी तो बहुतेकांना ऐकू येत नाही. दुसऱ्या कोणी तोच गंधार हलक्या आवाजात धरला आणि मग गाणं थांबवलं, की तारेतला गंधार अचानक समोर येतो. एकदा ऐकला की पुन्हा हरवत नाही.

हा गंधार सापडल्यावर पेटीवरचा ग दाबून बघा. पेटी बारा सारख्या भागांत जुळवलेली असते. २४० च्या सा वर तिचा गंधार जवळजवळ ३०२.४ येतो, तंबोऱ्याचा ३००. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनाहून जास्त लाटा उठतात, ते खरखरतं. पेटीचा पंचम मात्र ३५९.६ येतो, म्हणजे जवळजवळ अचूक. म्हणून पेटीवर सा-प चा सराव खुशाल करा, ग, ध आणि नी मात्र तंबोऱ्यावर पक्के करा. पेटीला चिकटून शिकलेल्या मुलांचा शुद्ध ग नेहमी किंचित चढा लागतो, आणि ते चढणं त्यांना स्वतःला कळत नाही. पेटी वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही, साथीला तिच्यासारखी सोय नाही. पण मापाची काठी म्हणून ती चालत नाही.

वीणेच्या तारेवरचा स्वरांचा हिशोब, ३६ इंची तारेचा, मुलांना रुक्ष वाटतो. एकतारी किंवा जुनी सतार मिळाली तर तो प्रत्यक्ष करा. अंतर घोडीपासून मोजायचं. तार ३६ इंच असेल तर बरोबर मधे, १८ वर, तार सा. २७ वर मध्यम, २४ वर पंचम. ३६ आणि २४ यांच्या मधे ३० वर येतो तो आपला आजचा कोमल गंधार. मेरूपासून (तारेच्या वरच्या टोकापासून) पंचमापर्यंतच्या १२ इंचांचे तीन भाग केले की पहिल्या भागावर, ३२ वर, रिषभ. धैवताजवळ गोम आहे. पंचम आणि तार सा यांचा मध्य काढला तर २१ येतात, आणि रिषभाचा पंचम म्हणून काढला तर २१ पूर्णांक १/३. एक तृतीयांश इंच वहीत नगण्य दिसतो, तारेवर बोट ठेवलं की कानाला लगेच दोन वेगळे धैवत मिळतात. 'श्रुती म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर त्या एक तृतीयांश इंचात आहे. २२ श्रुतींची वाटणी (सा, म, प ला चार-चार, रे, ध ला तीन-तीन, ग, नी ला दोन-दोन) पाठ करायचीच, पण हा प्रयोग आधी.

स्वर ओळखण्याचा सराव दोघांनी मिळून करावा लागतो. एकट्याने जमत नाही, कारण वाजवणाऱ्याला उत्तर माहीत असतं. तंबोरा चालू, एकाने स्वर द्यायचा, दुसऱ्याने आधी तो गळ्यातून काढायचा आणि मग नाव सांगायचं. हा क्रम मोडू नका. न गाता नाव सांगणारा अंदाज करतो, गाऊन सांगणारा ऐकतो. पहिले दोन आठवडे फक्त सा, प आणि तार सा. मग म, मग ग. नंतर रे, नी, ध. शुद्ध स्वर दहापैकी नऊ वेळा बरोबर येऊ लागल्याशिवाय कोमल स्वरांना हात लावू नका. तीव्र मध्यम सगळ्यात शेवटी, कारण तो पंचमाला इतका खेटून असतो की कच्च्या कानाला प उतरल्यासारखा वाटतो. नाव सुचलं नाही तर ऐकलेल्या स्वरापासून मनात एकेक पायरी उतरत सा पर्यंत या आणि पायऱ्या मोजा. महिनाभर असंच मोजत बसावं लागतं. नंतर मोजावं लागत नाही, ध ऐकला की ध च असतो.

चुका ठरलेल्या असतात. रे आणि ध ची अदलाबदल, ग आणि नी ची अदलाबदल. कारण सा रे ग म आणि प ध नी सा हे दोन तुकडे एकमेकांच्या सावलीसारखे आहेत. कान स्वराची जागा तुकड्यात बरोबर पकडतो, पण तुकडा कोणता ते चुकवतो. यावर उपाय असा की स्वर ऐकल्यावर आधी स्वतःला विचारायचं, पंचमाच्या वर की खाली? याहून मोठी चूक म्हणजे सा च सरकणं. तंबोरा बंद करून सा-म वाजवा. बऱ्याच मुलांना ते प-तार सा ऐकू येतं. २४० ते ३२० आणि ३६० ते ४८०, दोन्हींचं नातं ३ ला ४ च आहे, आणि अशा जोडीत कान वरच्या स्वराला घर मानतो. त्यानंतरचे सगळे स्वर त्या चुकीच्या घरावरून मोजले जातात आणि पाचच्या पाच उत्तरं चुकतात. परीक्षकाला हे लगेच कळतं, कारण चुका सारख्याच अंतराने पुढे सरकलेल्या असतात. अशा मुलाला अजून पलटे (स्वरांच्या सरावाचे तुकडे) देऊन उपयोग नाही. त्याला दोन आठवडे नुसता सा धरून बसवा. समोरच्याने कोणताही स्वर वाजवला तरी याने फक्त सा च गायचा. साधं दिसतं, पण आमच्या पाहण्यात यासारखा गुण देणारा सराव दुसरा नाही.

आणखी एक. सगळा सराव पेटीवर केला तर परीक्षकांनी गाऊन दिलेली जागा ओळखता येत नाही. गळ्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असते, कण (शेजारच्या स्वराचा स्पर्श) असतो, पेटीवर ते नसतं. तिसऱ्या महिन्यापासून निम्मे स्वर गाऊन द्या.

रागांकडे येताना थाट (राग ज्या सप्तकातून निघतो ते), जाती (आरोह-अवरोहात किती स्वर), वादी-संवादी (रागाचा मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार) हे कोष्टकात लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. वादी-संवादीचं अंतर गाऊन बघा. यमनचे ग आणि नी म्हणजे ३०० आणि ४५०, सा-प चंच नातं. भूपचे ग आणि ध म्हणजे ३०० आणि ४००, सा-म चं. मग संवादी का संवादी, हे पाठ करावं लागत नाही. यमनमध्ये चढताना नवी मुलं सा आणि प वर पाय ठेवून जातात, म्हणजे सरळ कल्याण थाटाचं सप्तक म्हणतात. नी रे ग, तीव्र म ध नी सा असं सा-प टाळून चढलं की यमन उभा राहतो.

भूप आणि देशकार ही जोडी पहिल्याच वर्षात ऐकायला हवी, अभ्यासक्रमात देशकार असो वा नसो. दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूप कल्याण थाटाचा, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, वादी ग. देशकार बिलावल थाटाचा, सकाळचा, वादी ध. भूपमध्ये गाणं गंधारावर येऊन विसावतं, रिषभाला मोकळेपणाने जागा मिळते. देशकारमध्ये सगळा खेळ धैवत आणि तार सा कडे चालतो, रिषभ दुबळा, गंधारावर रेंगाळायचं नाही. एकाने पाच स्वर कसेही न गाता गंधारावर किंवा धैवतावर न्यास (विसावा) देऊन गावेत, दुसऱ्याने राग सांगावा, मग उलट. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. ते कळतं मात्र या अर्ध्या तासात.

एका थाटातून ४८४ राग निघतात हे गणित लेखीला हमखास उपयोगी पडतं. आरोहाचे प्रकार २२ (सात स्वरांचा संपूर्ण १, सहा स्वरांचे षाडव ६, पाच स्वरांचे औडव १५) आणि अवरोहाचेही २२, गुणाकार ४८४. ७२ मेलांनी (दक्षिणेकडच्या थाटांनी) गुणलं की ३४,८४८. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका.

तालात लेखी आणि कान यांची गाठ सगळ्यात स्पष्ट पडते, ती लयकारी लिहिताना. आवर्तन समेवर (पहिल्या मात्रेवर) संपेल अशी तिगुन, म्हणजे एका मात्रेत तीन बोल, लिहा, असा प्रश्न येतो. झपतालाच्या १० मात्रा तिगुनीत ३ पूर्णांक १/३ मात्रांत बसतात. म्हणजे ६ पूर्णांक २/३ मात्रा गेल्यावर सुरुवात, सातव्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. सातवी मात्रा: ऽऽधी. आठवी: नाधीधी. नववी: नातीना. दहावी: धीधीना. पुढे सम. मुलं ठरलेली चूक करतात: सातव्या मात्रेतले दोन अवग्रह (ऽ, रिकामी जागा) विसरतात, सुरुवात मात्रेच्या डोक्यावर धरतात, आणि आवर्तन समेच्या आधीच संपून शेवटी दोन जागा रिकाम्या उरतात. चौगुनीत अडीच मात्रा लागतात, आठवी मात्रा ऽऽधीना अशी अर्ध्यातून सुरू होते. कागदावर लिहिण्याआधी हाताने टाळी-खाली देत बोला (खाली म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेण्याची मात्रा). सहाव्या मात्रेची खाली दिली, सातवी मोजली, दोन भाग गिळले आणि तिसऱ्यावर 'धी' पडला, की लिहिताना चूक होत नाही. सात मात्रांचा रूपक हाताला आणखी अडवतो, कारण त्याच्या समेवरच खाली आहे. त्याची दुगुन साडेतीन मात्रांची, चौथ्या मात्रेत ऽती ने सुरू.

स्वरलिपीत वेळ जातो तो चिन्हांत. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. सम ×, खाली ०. घरात जुनं पुस्तक असेल आणि ते पलुसकर पद्धतीचं असेल तर सांभाळा. तिथे वरचं टिंब मंद्र सप्तकाचं आहे, तार सप्तकाला उभी रेघ, समेला १ आणि खालीला +. दोन पुस्तकांतून आळीपाळीने नोट्स काढलेल्या वहीत मंद्र नी तार सप्तकात जाऊन बसलेला आम्ही कितीदा पाहिला आहे. कोमलची रेघ एकाच अक्षराखाली संपवा. 'ग रे' लिहिताना ती शेजारी सरकली की रिषभही कोमल होतो, आणि तपासणाऱ्याने तसं वाचलं तर त्याची चूक नाही. बंदिश ऐकून लिहिताना आधी फक्त सम आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) कुठल्या मात्रेवरून उठतो ते टिपा, स्वर दुसऱ्या फेरीत, चिन्हं तिसऱ्या फेरीत.

ऐकायला नागपुरात कमतरता नाही. वसंतराव देशपांड्यांचं सुरुवातीचं शिक्षण याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झालं. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचं सभागृह आहे आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मृतीत दरवर्षी संगीत समारोह करतं. मैफलीला जाताना छोटी वही न्या. गायक सा लावेल तेव्हा तो मनात धरा, आलापाच्या पहिल्या पाच मिनिटांत कोणते स्वर लागले आणि कशावर थांबले एवढंच लिहा, रागाचं नाव शेवटी. निवेदकाने नाव आधीच सांगितलं तर तो राग सोडा, पुढच्याची वाट बघा.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलं बाहेरच्या व्हरांड्यात एकमेकांच्या पट्टीत गुणगुणत बसतात आणि आत जाताना दुसऱ्याचाच सा घेऊन जातात. पाळी येण्याआधी पाच मिनिटं गप्प बसा. आत गेल्यावर तंबोरा तुमच्या पट्टीत आहे का ते विचारा, नसेल तर बदलून घ्या, तो तुमचा हक्क आहे. परीक्षकांनी स्वर वाजवायच्या आधी ओठ मिटून सा धरा आणि उत्तर देताना दोन स्वरांच्या मधे पुन्हा एकदा धरा. उशीर झाला तरी चालेल, परीक्षक थांबतात.